घंटेवालीचा उंबरा

ही गोष्ट ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. इतकी वर्षं या बदामाच्या झाडाखाली बसून गोष्टी सांगितल्या. अख्खी होडी गिळून वल्ही तेवढी परत थुंकणाऱ्या देवमाशाची सांगितली, ती तुम्ही मान डोलावत ऐकलीत. गव्हर्नरच्या टोपीत पेलिकनने अंडं घातलं, तेही पचवलंत. आजची मात्र पचायची नाही, कारण आजची जवळजवळ सगळी खरी आहे. आत होमोवोच्या सणाची मक्याची उकड वाफेवर आहे, पामफळांच्या सुपाचा वास गटार ओलांडून इथवर येतोय, भांडं मांडायला अजून अवकाश आहे, तोवर गप बसून ऐका. आणि गोष्टीतला माणूस कोण, हे विचारायचं नाही. आयेली, तुलाच म्हणतोय मी. दात दाखवू नकोस.

तर, याच दारात, याच उंबऱ्यापाशी, देदेई तापाने फणफणून आत चटईवर पडली होती, आणि तिचा सख्खा धाकटा भाऊ बाहेर गल्लीत उभा राहून पत्र्याच्या कर्ण्यातून तिच्यासाठी प्रार्थना करत होता. तेव्हा ती तुमची आजी नव्हती, नुसती देदेई होती. आणि भाऊ आत येत नव्हता. चटई चार पावलांवर होती... पण मधे उंबरा होता, आणि उंबऱ्यावर गेल्या होमोवोला पितरांसाठी शिंपडलेल्या उकडीचा तांबडा तेलकट डाग होता. ज्या उंबऱ्यावर पितरांचा घास पडला, त्यावर मिशनच्या उपदेशकाचा पाय पडायचा नाही, असा नियम होता. नियम कोणी केला म्हणाल, तर त्यानेच केला होता.

कर्णा भलताच मोठा होता. त्याचा आवाज समुद्रावर गेला आणि तारल्यांचा अख्खा थवा घाबरून टोगोपर्यंत पळाला, असं लोक म्हणतात. आणि घरात त्या आवाजाने मडक्यांवरची झाकणं थरथरत होती, देदेईच्या डोक्यात घण बसत होते. तरी प्रार्थनेत जिथे जिथे तो थांबे, तिथे तिथे ती कोरड्या ओठांनी, सगळा जीव गोळा करून, मोठ्याने ‘आमेन’ म्हणे. कारण गल्लीतल्या बायका दारादारांत उभ्या होत्या, आणि आतून उत्तर आलं नाही तर आपल्या भावाची, टेटेची, शोभा होईल, एवढीच तिला त्या तापातही काळजी होती.

“अहो उपदेशक,” समोरची कोळीण म्हणाली, “तुमच्या देवाला बहिणीचं घर सापडत नाही वाटतं? कर्ण्याने पत्ता सांगताय?”

तो वळला नाही. “ताई,” तो म्हणाला, आणि हे ‘ताई’सुद्धा कर्ण्यातूनच, “औषध दारात ठेवलंय.”

“ठेव,” आतून आवाज आला. “जेवलास का तू?”

आता हे असं का झालं, ते सांगायला बरंच मागे जावं लागेल.

त्यांची आई मासे धुरवून विकायची. ती अंथरुणाला खिळली तेव्हा देदेई बारा वर्षांची होती आणि टेटे सहाचा. देदेई डोक्यावर पाटी घेऊन टेकडीवरच्या मिशनच्या शाळेबाहेर मासे विकायला बसे, आणि खिडकीतून ऐकून ऐकून तिने चाळीस स्तोत्रं पाठ केली होती. आतल्या पोरांना चारही येत नव्हती. शेवटी मास्तरच खाली वस्तीत आले. “या घरातलं एक मूल मिशन शिकवील,” ते म्हणाले. “ही मुलगी द्या.”

आईने लेकीकडे पाहिलं... त्या नजरेत काय नव्हतं! अभिमान होता, व्याकुळता होती, आणि उद्या भट्टी कोण पेटवणार हा प्रश्नही होता. देदेईने मग भावाला पुढे ढकललं.

“मला नको. याला न्या,” ती मास्तरांना म्हणाली. “मला पाठच आहेत. याला शिकवावं लागेल.”

चार दिवसांनी आई गेली. जाताना तिने देदेईचा हात धरून दोन गोष्टी मागून घेतल्या. टेटेची शाळा तोडू नकोस, ही एक. आणि दरवर्षी होमोवोला माझी मूठभर उकड उंबऱ्यावर पडू दे, मला बाहेर उपाशी उभी ठेवू नकोस, ही दुसरी. देदेईने दोन्हींना हो म्हटलं. ही दोन वचनं पुढे एकमेकांच्या उरावर बसतील, हे त्या बारा वर्षांच्या जिवाला कुठून कळावं...

मग तिने भट्टी पेटवली ती विझू दिली नाही. तिचा धूर एवढा दाट असायचा की किनाऱ्याजवळून जाणारी तीन जहाजं भर दुपारी कंदील लावून गेली होती.

“गेल्या वर्षी एकच जहाज होतं, आजोबा,” ही आयेली. हिला मोजता येतं, हे हिचं दुर्दैव.

गेल्या वर्षी धूर कमी होता. पुढे ऐक. त्या धुरात तिचे डोळे गेले नाहीत, पण त्यांतलं पाणी कायमचं आटलं. लग्न सात वर्षं ताटकळलं. हातांना माशांचा असा वास बसला की वस्तीतली मांजरं तिला मावशी मानायची. आणि टेटे शिकत गेला, आधी टेकडीवर, मग दूरच्या गावी, आणि एक दिवस पांढरा लांब डगला घालून, थिओफिलस असं नवं नाव घेऊन, याच वस्तीचा उपदेशक म्हणून परत आला. मिशनचे लोक वर टेकडीवर वेगळ्या आळीत राहत, तसा तोही तिथे राहू लागला. पहिल्या रविवारी देदेई नवं लुगडं नेसून तिसऱ्या बाकावर बसली. तिचा बाप्तिस्मा त्याआधीच झाला होता; येशूवर तिची भक्ती कोणाहून कमी नव्हती. भाऊ बोलत होता आणि तिला शब्द ऐकूच येत नव्हते. आपल्या भट्टीतली एक एक तारली तिथे उभी राहून उपदेश करते आहे, असं तिला वाटत होतं.

मग आलं होमोवो. मोठे पाद्रीसाहेब थंड देशातले, सडपातळ, मनाने वाईट नव्हते. त्यांनी एवढंच सांगितलं होतं की पितरांना शिंपडलेलं अन्न चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी खाऊ नये. पण आपला थिओफिलस साहेबापेक्षा सोवळा निघाला. तो इथलाच, कोळणीचा पोर; त्याला सतत भीती, की आपल्याला लोक अर्धाच समजतील. म्हणून त्याने आपल्या पदरचा नियम जोडला: नुसतं खायचं नाही एवढंच नव्हे, तर शिंपडलेला उंबराही ओलांडायचा नाही. साहेबांनी शाबासकी दिली. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की वस्तीत सगळ्यांत आधी उकड शिंपडणारं दार त्याच्या बहिणीचं आहे.

तो गल्लीत येऊन उभा राहिला. “ताई, हे सोड.”

“आईची मूठ आहे रे ती. मी आईला शिंपडते, सैतानाला नाही.”

“मेलेल्यांना भूक नसते, ताई.”

“नसेल,” देदेई म्हणाली. “मग तुम्ही रविवारी भाकर मोडता ती कोणाच्या आठवणीत?”

उत्तर नसलेल्या शिकलेल्या माणसाइतका निष्ठुर प्राणी नाही. पुढच्या रविवारी त्याने, ज्यांना प्रभुभोजन मिळणार नाही आणि चर्चमध्ये बसता येणार नाही, त्यांची नावं वाचली. यादी त्याच्याच अक्षरात होती. पहिलं नाव तिचं.

ती रडली नाही. तिसऱ्या बाकावरून उठली, पदर सावरला, आणि बाहेर जाऊन खिडकीपाशी उभी राहिली. लहानपणी उभी राहायची तशीच. त्यानंतर अकरा वर्षं, दर रविवारी, पावसात आणि उन्हात, ती तिथे उभी राहून गायली. गाणं आत सगळ्यांना ऐकू यायचं; सूर चुकला तर आतले लोक खिडकीकडे बघून दुरुस्त करायचे. तो कधी बघत नसे. आणि दर होमोवोला, घरचे सगळे एकाच भांड्याभोवती बसले, सगळ्यांनी एकाच भांड्यात हात घातले, वर्षभराची भांडणं त्या घासाबरोबर गिळली, की ती भांड्याच्या कडेला एका माणसाची जागा सोडायची. “इथे कोण बसणार?” असं पोरं विचारत. “येईल,” ती म्हणायची.

आता घंटेचं.

होमोवोच्या आधी आपला मुका महिना असतो, तो तुम्हाला सांगायला नको. मका जमिनीत वाढत असतो, दर्याचा पुजारी ढोल बंद करतो, टाळी नाही, घंटा नाही; देवांना शांतता लागते. चर्चवाले त्या महिन्यात हळू आवाजात गात, तेवढ्यावर भागत असे. पण त्या वर्षी थंड देशातून एक मोठी पितळी घंटा आली. ती भिंतीवर बाहेरच्या बाजूला टांगली, आणि तिचा दोर लोंबत होता तो नेमका देदेईच्या खिडकीपाशी. पाद्रीसाहेबांचं जहाज सोमवारी सुटणार होतं. रविवारी ते म्हणाले, “थिओफिलस, जाण्याआधी एकदा ऐकू दे.”

त्याला महिना ठाऊक होता. तो याच मातीतला. एक वाक्य बोलायचं होतं, ‘साहेब, आज नको’... तो बाहेर आला. देदेई उभी होती.

“टेटे,” ती हळूच म्हणाली, “महिना मुका आहे.”

त्याने तिच्याकडे न बघता दोर तीनदा ओढला.

तासाभरात अख्खी वस्ती चर्चपुढे जमली. पहाटे सुटायच्या होड्या वाळूवरच राहणार, असं पुजाऱ्याने सांगून टाकलं होतं. लोकांच्या हातांत वल्ही होती, आणि वल्ही पाण्यासाठी आणलेली नव्हती. आत मुलं होती, म्हातारे होते. होड्यांचा मुखिया पुढे आला. “कोणाच्या हाताला खाज सुटली?” त्याने विचारलं.

देदेईने भावाचा हात पाहिला. नव्या दोराचे तंतू अजून त्याच्या घामेजल्या तळव्याला चिकटले होते. टेटेची शाळा तोडू नकोस... त्याच्यासाठी आईने मागितलं होतं तेवढंच. शाळा केव्हाच संपली होती. पण वचनं संपतात का कधी!

“मी ओढली,” ती म्हणाली.

“का गं बाई?”

“राग आला होता. अकरा वर्षं मला आत घेत नाहीत.”

आणि लोकांना ते लगेच पटलं. खोटं कसं बोलावं, ते या गल्लीत तिच्याकडूनच शिकावं: सगळं खरं सांगायचं, आणि एकच घास खोटा कालवायचा. दोर तिच्या हाताशी होता, राग यायला कारण होतं, तिला आत घेत नव्हते हे खरं होतं. पाद्रीसाहेबांना भाषा समजली नाही. ज्याला समजली त्याने तोंड उघडलं. लोकांना वाटलं, हा आता प्रार्थना म्हणणार. त्याने तोंड मिटलं.

मुखियाने निवाडा दिला. पुढच्या वर्षीची सुगी येईपर्यंत एकही होडी देदेईला मासा विकणार नाही. मंडळीनेही आपल्या वहीतून तिचं नाव कायमचं खोडलं. देवाची घंटा सुडाने वाजवणारी बाई कोणाला हवी? वस्तीने टाकली, मंडळीने टाकली. उरलं ते एक टोपणनाव.

“थांबा, आजोबा.” आयेली उठून उभी राहिली. “म्हणजे घंटा आजीने वाजवलीच नव्हती?”

नव्हती.

“शाळेत मला अजून घंटेवालीची नात म्हणतात. आईला घंटेवालीची लेक म्हणायचे. बाजारात आजीला लोक हाक मारतात ती तशीच. आणि तुम्ही हे आज सांगताय?”

बस खाली. गोष्ट संपली नाही अजून... खाली बस, पोरी. पाया पडतो तुझ्या.

तर, भट्टी विझली. मासाच नाही तर धुरवणार काय? देदेई समुद्रावर जायची, होड्या येताना बघायची, माशांनी भरलेल्या पाट्या तिच्या अंगावरून जायच्या आणि ती नुसती उभी राहायची. हात मोकळे राहिले की माणूस आतून खचतं. होमोवो आठ दिवसांवर आलं आणि ती तापाने पडली. मग तो कर्णा, ती प्रार्थना, दारात ठेवलेलं औषध, हे सगळं तुम्हाला सांगितलंच. तिला ठाऊक होतं की तो पश्चात्तापाने पोखरला आहे. कर्ण्यातून आवाज जेवढा मोठा, तेवढा माणूस आत लहान झालेला, हे तिला कळत होतं. पण ती काय करू शकत होती? उंबरा धुऊन टाकला असता तर तो आत आला असता. तिने एकदा, ताप जरा उतरला तेव्हा, भिंतीला धरून धरून दारापर्यंत जाऊन ओलं फडकं हातात घेतलंही... त्या डागावर वाकली, आणि आईचा चेहरा आठवून तशीच खाली बसली. एकीकडे आई उपाशी, एकीकडे भाऊ बाहेर. ती कोणालाच आत घेऊ शकत नव्हती.

आणि उकडीबरोबर सूप हवं, सुपात मासा हवा. होमोवोच्या सकाळी तिने दार उघडलं, तर उंबऱ्याबाहेर सतरा तारल्या, दोन मोठे बांगडे आणि एक अख्खा धुरवलेला मासा पडलेला. समुद्रातून चालत आले होते.

“चालत?” मागून कोणीतरी म्हणालं.

काही उड्या मारत. होड्यावाल्यांनी विकायचं नाही एवढंच ठरवलं होतं. कोणाच्या दारात मासा पडला तर त्याला मुखिया तरी काय करणार? त्याच्याच बायकोची पाटी सकाळी हलकी झाली होती, असंही म्हणतात.

तिने सूप केलं. अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं, तरी उकड मळली, तांबडं तेल घातलं, भेंडी घातली, आईची मूठ उंबऱ्यावर शिंपडली. दुपारी भांडं मांडलं. सगळे बसले. भांड्याच्या कडेला जागा सोडलेली. तिने एक मूठ उकड हातात घेतली आणि खाल्ली नाही... दाराकडे बघत बसली. वाफ विरली. सुपावर तेलाची साय धरली. पोरं चुळबुळत होती, नवरा म्हणाला, “अगं, निवलं,” तरी तिची मूठ सुटेना.

आणि तेव्हा, ऐका नीट, आता कोणाला खरं वाटणार नाही तो भाग आला... तेव्हा गल्लीत पावलं वाजली. थिओफिलस येत होता. कर्णा नव्हता. हातात काही नव्हतं. बदामाच्या झाडाखाली तो क्षणभर थांबला, अंगातला पांढरा डगला काढून त्याने फांदीला अडकवला, आणि उंबऱ्यापाशी आला. त्या तांबड्या ताज्या डागाकडे त्याने पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून घळघळ अश्रू वाहू लागले, हृदयातला अकरा वर्षांचा हिमालय वितळावा तसे! आणि त्याने पाऊल उचललं, उंबरा ओलांडला, आणि आपल्या त्या माउलीसमान बहिणीच्या पायांवर लोटांगण घातलं. “ताई,” तो कंठ दाटून म्हणाला, “घंटा मी वाजवली. तुझं नाव मी खोडलं. माझ्या शाळेसाठी तू जन्मभर धूर गिळलास, आणि मी तुझ्या घराबाहेर उभा राहून देवाला हाका मारल्या. मला क्षमा कर.” तिने त्याला उठवलं, हाताला धरून आपल्याशेजारी, त्या राखून ठेवलेल्या जागेवर बसवलं, आणि हातातली मूठ उघडून तो पहिला घास त्याच्या...

“खोटं.”

आवाज दारातून आला. देदेई भांडं घेऊन उंबऱ्याच्या आत उभी होती. केव्हापासून, ते कोणाला कळलं नव्हतं. पोरं वळून बघायला लागली.

“घंटेचं सांगितलंस ते बरं केलंस,” ती म्हणाली. “ते खरं आहे, आणि आयेली, तू उद्या शाळेत सांग. मासे चालत आले तेही असेल. पण पुढचं खोटं. तो आत आला नाही. ती मूठ मी संध्याकाळी कोंबड्यांना घातली. तो अजून बाहेरच बसलाय, बदामाखाली, आणि माझ्या नातवंडांना जेवायला उशीर करतोय.”